मोटर बंद करून दाखवा

आमच्या दुकानाची पायरी चढणारं माणूस पायरीवरच ठरवून येतं की ही बाई आपल्याला फसवणार. मला त्याचं वाईट वाटत नाही. तोवर मीही काउंटरमागून त्याच्याबद्दल काहीतरी ठरवलेलं असतंच.

दुकान नळ, पाइप, बेसिन आणि शॉवर यांचं. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा सासरे चालवायचे, नंतर आमचे हे चालवायला लागले. मुलगी शाळेत जायला लागल्यावर ह्यांनी मला "तासभर गल्ल्यावर बस" म्हणून बसवलं. तो तास अजून संपलेला नाही. मधल्या काळात मुलगी सासरी गेली, मला चष्मा लागला, गुडघे कुरकुरायला लागले. तरी अजून नवीन गिऱ्हाईक माझ्या खांद्यावरून आत बघतं आणि विचारतं, "मालक कुठं हाईत?"

मालक आत चहा पीत असतात. मग ते बाहेर येतात, गिऱ्हाईक त्यांना प्रश्न विचारतं, ते माझ्याकडं बघतात, मी उत्तर देते, आणि तेच उत्तर ते जरा मोठ्या आवाजात गिऱ्हाइकाला सांगतात. मग गिऱ्हाइकाला पटतं.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक सहसा एकटं येत नाही, बरोबर प्लंबर असतो. प्लंबरचं आणि दुकानदाराचं आतून काहीतरी ठरलेलं आहे, अशी गिऱ्हाइकाला शंका असते. गिऱ्हाईक माल इथं बघून दुसरीकडं घेणार, अशी आम्हाला शंका असते. आणि आपल्या माघारी हे दोघं परस्पर जमवतील, अशी प्लंबरला. तिघंही एकमेकांकडं बघून हसत चहा पितात. कुणाचीच शंका अगदी खोटी नसते, त्यामुळं चहा गोड लागतो.

आता शॉवरचं. लोक शॉवर साडीसारखा निवडतात. चमक बघतात, हात फिरवतात, शेजारणीकडं आहे त्यापेक्षा मोठा मागतात. पण शॉवरच्या अंगात स्वतःचा जोर नसतो. शॉवर म्हणजे भोकं पाडलेलं झाकण. पाण्याचा जोर येतो तो टाकीच्या उंचीतून. टाकी चार मजले वर असेल तर साधा शॉवरही पाठ सडकून काढतो. बसकं घर असेल, टाकी स्लॅबवरच टेकलेली असेल, तर परातीएवढा शॉवर लावून उपयोग नाही. एका तांब्यातलं ताक सगळ्या पंगतीला वाढायला घेतलं तर प्रत्येकाच्या वाटीत काय पडणार?

मग दुकानात लावलेले सगळे शॉवर धबधब्यासारखे कसे कोसळतात? त्या प्लायवूडच्या भिंतीमागं मोटर असते म्हणून. सगळ्याच दुकानांत असते. कुणी विचारत नाही, आम्ही सांगत नाही. मिठाईवाला तरी कुठं सांगतो की पेढे कालचे आहेत?

दिवाळीच्या आधी आमच्याकडं झुंबड असते. सण आला की लोकांना आपली न्हाणी जुनी झालेली दिसायला लागते. अशाच एका गर्दीच्या सकाळी ते म्हातारबाबा आले. पांढरा शर्ट, पांढरं धोतर, खांद्याला कापडी पिशवी. चेहरा उन्हानं रापलेला, पण केस असे धुतलेले आणि भुरभुरीत की शाम्पूच्या जाहिरातीत शोभावेत. बरोबर प्लंबर नव्हता.

हे माझ्या कानाशी आले. "दुसऱ्या दुकानवाल्यानं पाठवलेला माणूस दिसतोय. भाव काढायला आलाय."

मला ते पटलं नाही. माझं लक्ष पिशवीवर होतं. मागं एकदा असाच एक अतिशय नम्र माणूस आमचा डिस्प्लेचा टेलिफोन शॉवर पिशवीत घालून, "येतो वैनी" म्हणून गेला होता. मी म्हाताऱ्याच्या पिशवीला लागून उभी राहिले.

"पावणं, काय दाखवू?" ह्यांनी विचारलं.

"बघतोय की."

"कुठनं आलासा?"

"हातकणंगल्याकडनं."

"न्हाणी केवढी हाय?"

"तुमाला काय करायचंय?"

हे परत चहाला गेले. म्हातारबाबा हात पाठीमागं बांधून प्रत्येक शॉवरखाली जाऊन उभे राहायचे आणि वर बघायचे, पंच्याहत्तर पावसाळे बघितलेला माणूस ढगाकडं बघतो तसे. मी सगळ्यात मोठा चौकोनी शॉवर चालू केला. पाणी कोसळलं. दुकानातली दोन माणसं "वाऽ" म्हणाली. म्हातारबाबांनी काय करावं? सरळ जाऊन प्लायवूडला कान लावला.

"आत काय गुरगुरतंय?"

"मोटर आहे."

"आमच्या घरात मोटर न्हाई."

"टाकी किती उंच आहे?"

"स्लॅबवरच बसवलीया. मग ही मोटर बंद करून दाखवा."

इतक्या वर्षांत हे कुणी म्हणालं नव्हतं. आतून ह्यांना चहाचा ठसका लागल्याचा आवाज आला. दुकानात गर्दी होती. मी म्हणाले, "आजोबा, दुपारी या, निवांत दाखवते." येणार नाहीत अशी माझी खात्री होती.

ते आले. हे जेवायला घरी गेले होते, दुकान रिकामं होतं. मी म्हणाले, "तुम्हीच फिरवून बघा की नळ."

"तुमीच फिरवा."

इथं मला पुन्हा शंका आली. दुकानात आलेलं कोणतंही माणूस आधी नळ फिरवतं. घ्यायचा नसला तरी फिरवतं. म्हणून मी हट्टानं म्हणाले, "नाही, तुम्हीच. मी काय उद्या तुमच्या घरी येणार आहे का?"

त्यांनी एकदा रस्त्याकडं बघितलं. मग उजवा हात उचलला. हात हनुवटीपर्यंत आला आणि थांबला. नळ तिथून वीतभर वर होता. डावा हात उचलला, तोही तिथंच थांबला. हात खाली आले आणि परत पाठीमागं गेले.

मी स्टूल ओढलं. ते बसले. आप्पा म्हणायचे त्यांना घरी.

"जल्मभर दुधाची कॅनं उचलली," आप्पा म्हणाले. "दोन्ही खांदं गेलं. हात तोंडापतोर येतोय, घास खातोय. त्याच्या वर न्हाई जात. मान बी खाली वाकत न्हाई."

"मग आंघोळ?"

"आमची ही हुती तवर ती डोक्यावर वतायची. ती गेल्यापास्नं गळ्याखाली आंघोळ."

"मुलगा आहे ना?"

"हाय की. त्येला म्हाईत न्हाई."

"आणि सून—"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की पुढचा शब्द मी गिळला.

"डोकं धुवायला हितं येतोय. सलूनात. त्यो पोरगा म्हणतोय, आजोबा, लई हौशी हाय तुमी."

मग मुद्द्यावर आले. मुलानं घरात नवीन न्हाणी काढली होती. भिंतीत पाइप टाकून झाले होते, दोन दिवसांत फरशी बसणार होती. एकदा फरशी बसली की नळाची उंची कायमची ठरली. त्याच्या आत आप्पांना असा शॉवर हवा होता, की खाली बसून, छातीएवढ्या उंचीवरचा नळ आपल्या हातानं फिरवला की डोक्यावर तांब्यासारखं पाणी पडेल. दिवाळीची पहिली आंघोळ तरी त्यांना डोक्यावरून करायची होती, आणि पाणी ओतायला कुणी नको होतं.

"मुलाला सांगा की सरळ. तो करील."

"सांगितलं तर उद्यापास्नं तांब्या घिऊन हुबा ऱ्हाईल. कामाला जायचं सोडून. मला ते नकोय. तुमी बी सांगायचं न्हाई. घ्या शपथ."

"कशावर घेऊ?"

समोर नळांचं खोकं होतं. मी त्याच्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली. त्यांनी ती चालवून घेतली.

कोणता शॉवर लागणार ते मला कळलं होतं. डिस्प्लेच्या खालच्या कोपऱ्यात वाटीएवढ्या तोंडाचा, मोठ्या भोकांचा एक जुन्या पद्धतीचा पितळी शॉवर होता. कुणी घेत नाही म्हणून कोपऱ्यात गेलेला. मी मागं जाऊन मोटर बंद केली आणि माळ्यावरच्या टाकीचं पाणी सोडलं. जाड धार पडली, सुटी सुटी न होता. आप्पांनी तळहात पुढं केला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"ह्यो," ते म्हणाले. "पण आमचं पोरगं हे घेणार न्हाई. त्येला मोठा पायजे."

दुसऱ्या दिवशी पोरगं आलं. प्रकाश. चाळिशीतला, एमआयडीसीत नोकरीला, बोलायला सभ्य. बरोबर बाळू प्लंबर, आमच्या नेहमीच्या येण्याजाण्यातला. पण प्रकाशनं शॉवरकडं बघितलंच नाही. त्यानं आधी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"आमचं आप्पा हितं येत्यात म्हणं."

"येतात."

"कशाला?"

"शॉवर बघायला."

"शॉवर? त्येंनी जल्मात शॉवर घेतला न्हाई." तो एक पाऊल पुढं आला. "हे बघा वैनी, आई जाऊन वरीस झालं. आणि आप्पा हल्ली सारखं कोल्हापूरला येत्यात. कुठं जाताय म्हटलं तर सांगत न्हाईत. केसाला शाम्पूचा वास येतोय. आता ह्यो बाळू म्हणतोय, हितं एका बाईसंगं स्टुलावर बसून बोलताना बघितलं."

आतला चहा थांबला. हे बाहेर आले. त्यांनी माझ्याकडं जसं बघितलं तसं लग्न झाल्यापासून कधी बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्या या गुडघ्यांसकट कुणाला माझ्यावर असली शंका यावी, याचा मला क्षणभर बराच अभिमान वाटला. पण बोलता काहीच येईना. शपथ नळांवर घेतलेली असली म्हणून काय झालं?

"शॉवरचंच बोलत होतो," मी म्हणाले.

"एवढा वेळ?"

"चांगला शॉवर निवडायला वेळ लागतो."

हे माझं आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य असेल, पण तिघांपैकी एकाच्याही तोंडावर ते पटल्याचं दिसलं नाही.

प्रकाशनं वर बोट केलं. "ह्यो द्या. सगळ्यात मोठा."

"हा तुमच्याकडं चालणार नाही."

जयसिंगपूरचं एक जोडपं त्याच शॉवरखाली उभं राहून छताच्या रंगाशी जमतोय का ते बघत होतं, ते थांबलं. दुकानदार महागाची वस्तू विकत नाही म्हटल्यावर कुणालाही घाबरायला होणारच.

"चालतोय की वैनी," बाळू म्हणाला. त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल नवीनच शंका होती. ही बाई आपल्याला वगळून काहीतरी जमवतेय, अशी.

"तुम्हाला हा योग्य." मी कोपऱ्यातला वाटीएवढा दाखवला.

प्रकाश हसला. "खपत न्हाई म्हणून गळ्यात मारताय व्हय?"

खपत नव्हता हे अगदी खरं होतं. आणि शंका म्हणजे काय असते ते मला तेव्हा कळलं. ज्याच्यावर शंका असते त्याला खरं काय ते माहीत असतं, सांगता येत नाही, आणि जे सांगता येतं ते विकण्यासाठी बोलल्यासारखं वाटतं. उद्या त्या भिंतीवर फरशी बसणार होती. मग आप्पा सलूनातल्या पोराकडून डोकं धुवून घेत राहणार होते, आणि तेही बस पकडून येता येईल तोवरच.

जोडप्याला बाजूला करून मी वरचे सगळे शॉवर सोडले, प्लायवूडमागं गेले आणि भरल्या दुकानात मोटर बंद केली.

गुरगुर थांबली. परातीएवढ्या शॉवरमधून आधी धागे पडले, मग थेंब, मग सर्दी झालेल्या नाकासारखं एका कोपऱ्यातून टिपटिप. शेजारचा गोल, त्याच्या शेजारचा लांबट, सगळ्यांची तीच गत. जयसिंगपूरची बाई नवऱ्याला म्हणाली, "चला, आधी टाकी किती उंच हाय ते बघून येऊ." ती दोघं गेली. "अगं!" हे म्हणाले. एवढंच म्हणाले, पण त्यात पुष्कळ होतं.

माळ्यावरच्या टाकीच्या त्याच पाण्यावर मी कोपऱ्यातला छोटा सोडला. जाड धार.

प्रकाशनं धारेखाली हात धरला. हात मागं घेतला. भोकांत बोट घालून बघितलं. "ह्यात काहीतरी केलंय तुमी," तो म्हणाला, पण आवाज उतरला होता. "असं करू. आज संध्याकाळी आमच्या घरी लावून बघू, तुमच्यासमोर. न्हाई चाललं तर तुमच्यासमोरच काढायचा."

मी तयार झाले. हेही लगेच तयार झाले. "मी येतो बरोबर," ते म्हणाले. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आप्पांचं घर बसकं, नीटनेटकं, पुढं म्हशींचा गोठा. न्हाणीच्या भिंतीला झरी मारलेली होती. झरी म्हणजे पाइप आत दडवायला विटांत खोदलेली नाली. बाळूनं नळासाठी खांद्याच्या उंचीवर खूण केली होती. आप्पा सोप्यात कॉटवर बसून म्हशींकडं बघत होते. आमच्या येण्याशी आपला काही संबंध नाही असा चेहरा होता.

"नळ खाली घे," मी बाळूला म्हणाले. "कमरेच्या जरा वर."

"एवढा खाली? घरात बारकी पोरं हाईत व्हय?"

"न्हाईत," प्रकाश म्हणाला. "कुणासाठनं एवढा खाली?"

सगळे माझ्याकडं बघत होते. आप्पांनी म्हशींवरची नजर काढली.

"नळ खाली असला की पाण्याचा जोर वाढतो," मी म्हणाले.

ही शुद्ध थाप होती. नळाच्या उंचीचा आणि जोराचा काडीइतका संबंध नाही. पण बाळूनं मान डोलावली. "व्हय. तसं हाय ते." जन्मभर पाइप विकलेल्या आमच्या ह्यांनीही डोलावली. प्रकाश म्हणाला, "मग आधीच सांगायचं की असं."

त्यानंतर मी म्हणाले, शॉवरही खाली घ्या, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या जरासाच वर. शॉवर जितका खाली, तितकं पाणी जोरात पडतं. हे मात्र शंभर टक्के खरं होतं. त्यावर तिघांनी मिळून मला उलटसुलट प्रश्न विचारले आणि शेवटी "बघूया लावून" म्हणून नाइलाजानं पाइप कापला.

फरशी नव्हती, दारही बसलं नव्हतं. सुनेनं दोरीवर चादर टाकली. बाळू शॉवर आवळून बाहेर आला तेवढ्यात आप्पा कॉटवरून उठले, कोपऱ्यातला लाकडी पाट पायानं सरकवत आत गेले.

"मी बघतो कसा हाय."

"आप्पा, अजून सिमेंटच हाय खाली."

"पाणी तर हाय की. पंचा दे."

प्रकाशनं पंचा दिला. चादर आड आली. बाहेर आम्ही उभे होतो. प्रकाशला अजूनही माझी शंका होती, ह्यांना आप्पांची, बाळूला आम्हा सगळ्यांची. सून स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिला कुणाची शंका होती मला कळलं नाही, बहुधा सगळ्यांत जास्त तिलाच होती.

नळ फिरल्याचा आवाज आला. पाणी सिमेंटवर पडायला लागलं. पडतच राहिलं.

"नुसतं सोडून बघत बसल्यात," प्रकाश पुटपुटला.

मी नळ विकते, मला पाण्याचा आवाज कळतो. मोकळ्या जमिनीवर पडणारं पाणी फटफट वाजतं. माणसावर पडलं की आवाज दबतो, आणि मग ओघळायला लागतं. मी तो बदल ऐकायला कान टवकारले होते. बराच वेळ झाला. आणि मग आवाज दबला.

आतून एक लांब "हाऽऽ" आलं. मोठ्यानं नाही. प्रकाशनं चादरीकडं बघितलं. बाळूनं पकड खाली ठेवली.

पुष्कळ वेळानं नळ बंद झाला आणि आप्पा बाहेर आले. बंडी, धोतर, सगळं भिजलेलं. केस कपाळावर चिकटलेले, पाणी भुवयांवरून डोळ्यांत उतरत होतं. डोळे मिटमिटत त्यांनी आम्हा सगळ्यांकडं बघितलं, निवडून आलेल्या माणसानं बघावं तसं.

"चालतंय," ते म्हणाले. "उद्या फरशी बसवा."

आणि पंचा घेऊन उभे राहिले.

मी टाकीचा विचार केला होता. पाइपचा, भोकांचा, नळाच्या उंचीचा, सगळ्याचा केला होता. पंच्याचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. आप्पांनी पंचा उचलला, तो हनुवटीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. त्यांनी तो खाली घेतला, परत उचलला. पाणी डोळ्यांत जात होतं. माझा हात आपोआप पुढं झाला होता, तो मी मागं घेतला. शेजारी हे उभे होते, म्हणून नाही. ते माझ्या हाताचं काम नव्हतंच.

प्रकाश बापाच्या हाताकडं बघत होता. मग त्यानं दोरीवरच्या चादरीआड बघितलं, कमरेएवढ्या नळाकडं, पाटाच्या जरा वर लावलेल्या शॉवरकडं. मग माझ्याकडं. मी जमिनीकडं बघितलं. शपथ होती.

तो पुढं गेला, आप्पांच्या हातातून पंचा घेतला आणि त्यांच्या डोक्यावर टाकून घसाघसा पुसायला लागला.

"अरं हळू," पंच्याखालून आवाज आला. "कान हाय त्यो."

"हलू नका," प्रकाश म्हणाला, आणि कानामागनं हळू पुसायला लागला.